फर्मवेअर अपडेटनंतर अंडरव्होल्टिंग बंद पडलं? जुना बायोस शोधण्याआधी हे तपासा

माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा आठव्या पिढीचा कोअर आय७-८७५०एच आहे. सहा कोअर, कागदावर ४५ वॅट. १०० अंश सेल्सिअसला पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. लग्नाच्या फिल्म्स मी त्याच्यावरच एडिट करतो. नागपुरात लग्नसराई आणि ४५ अंशांचा पारा एकाच महिन्यात येतात, त्यामुळे अंडरव्होल्टिंग, म्हणजे प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज थोडं कमी करणं, ही माझ्यासाठी हौस नाही, कामाची गरज आहे. उणे ११० मिलिव्होल्टवर हा लॅपटॉप कित्येक महिने बिनतक्रार चालला. मग एका रात्री विंडोज अपडेटबरोबर फर्मवेअरचा, म्हणजे बायोसचा (मशीन सुरू होताना विंडोजच्याही आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा) अपडेट आला. दुसऱ्या दिवशी रेंडर लावला, तर एरवी ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास राहणारे सहाही कोअर ३.० वर उतरलेले आणि तापमान ९७.

पुढच्या तीन रात्री मी जुना बायोस शोधत होतो. कुठल्याशा अनोळखी साइटवरून उतरवलेली फाइल पेनड्राइव्हवर तयार होती, फक्त फ्लॅश करायची, म्हणजे बायोसच्या चिपवर लिहायची, बाकी होती. तेवढ्यात कळलं की व्होल्टेज बदलू न देणारं कुलूप माझ्या बायोसमध्ये लागलेलंच नव्हतं. अडवत होतं विंडोज. सहा महिन्यांनी भाच्याच्या लॅपटॉपवर हुबेहूब हीच लक्षणं दिसली, आणि तिथे मात्र कुलूप बायोसचंच निघालं. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत. म्हणून हा लेख: आधी कुलूप कुठलं ते ओळखा, मगच किल्ली शोधा.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. कंपनी प्रत्येक प्रोसेसरला गरजेपेक्षा थोडं जास्त व्होल्टेज देते, कारण एकाच मॉडेलचे सगळे तुकडे सारखे निघत नाहीत आणि सगळ्यात कमजोर तुकडाही नीट चालायला हवा. तुमचा तुकडा बरा निघाला असेल, तर ते जादाचं व्होल्टेज काढून घेता येतं. कामाच्या वेळी लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १.१० व्होल्टचे १.०० केले, तर त्याच वेगाला साधारण १७ टक्के वीज कमी लागते. वीज कमी, म्हणजे उष्णताही तेवढीच कमी.

हाताशी काय हवं

- व्होल्टेज बदलणाऱ्या थ्रॉटलस्टॉप या टूलची ताजी आवृत्ती, टेकपॉवरअपच्या साइटवरूनच. हे टूल प्रोसेसरशी थेट बोलणारा ड्रायव्हर वापरतं, त्यामुळे भलत्या साइटवरची प्रत नको. जुन्या आवृत्त्यांचे ड्रायव्हर अँटिव्हायरस अडवतात, आणि त्यात अँटिव्हायरसची चूक नसते.
- तापमान, वॅट आणि वेग पाहायला एचडब्ल्यूइन्फो.
- चाचणीसाठी सिनेबेंच आर२३.
- बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की, कागदावर लिहून. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ती सापडते.
- चार्जर, भरलेली बॅटरी आणि एक वही. जुनी आणि नवी व्होल्टेजं लिहून ठेवायला वहीच बरी, कारण मशीन अडकलं की स्क्रीनशॉट त्याच्यातच अडकतात.

लॅपटॉप ऑफिसचा असेल तर इथेच थांबा आणि आयटी विभागाला विचारा. पुढच्या काही पायऱ्यांत सुरक्षेच्या सेटिंग्ज बदलाव्या लागतात, तो निर्णय तुमचा एकट्याचा नाही.

१. अंडरव्होल्ट खरंच गेला आहे का, ते पाहा

थ्रॉटलस्टॉप उघडा आणि 'एफआयव्हीआर' बटण दाबा. खाली तुम्ही मागितलेला आकडा दिसेल, स्लायडरसकट. तो बघून समाधान मानू नका, मी तिथेच फसलो. तो आकडा टूलच्या स्वतःच्या फाइलमधून येतो, प्रोसेसरने तो मानला की नाही हे त्यावरून कळत नाही. खरं उत्तर त्याच खिडकीत वर उजवीकडच्या तक्त्यात असतं. तिथे 'सीपीयू कोअर' आणि 'सीपीयू कॅश' यांच्यापुढे ऑफसेटचा, म्हणजे व्होल्टेज किती कमी केलं त्याचा, रकाना आहे.

उणे १०० मिलिव्होल्ट मागितले आणि लागू झाले, तर तिथे −०.०९९६ दिसतं. नेमकं −०.१००० दिसत नाही म्हणून घाबरू नका. प्रोसेसर व्होल्टेज एका व्होल्टच्या १०२४व्या भागाच्या पायऱ्यांनी मोजतो, त्यामुळे आकडा जवळच्या पायरीवर बसतो. तक्त्यात सगळीकडे शून्य असेल, तर अंडरव्होल्ट लागू नाही.

आता तीन शक्यता:

- तक्त्यात तुमचा आकडा बरोबर दिसतो, पण लॅपटॉप तरी तापतो. मग अंडरव्होल्ट शाबूत आहे, अपडेटने वॅटची मर्यादा किंवा पंख्याचं वेळापत्रक बदललं आहे. थेट पायरी ७ वर जा.
- खिडकीत 'लॉक्ड' असं लिहिलं आहे. पायरी ३ वर जा.
- 'लॉक्ड' नाही, पण तक्त्यात शून्य. पायरी २.

एक साधी गोष्ट आधी पाहून घ्या. इंटेलचं एक्सटीयू हे असंच टूल कधीकाळी टाकलेलं असेल, तर ते काढा. त्याची सर्व्हिस मागे चालू राहते आणि दोन्ही टूल एकमेकांचे आकडे पुसत बसतात.

२. विंडोजचं कुलूप

माझं दुखणं हे होतं. फर्मवेअर अपडेटने बायोसच्या सगळ्या सेटिंग्ज मूळपदावर नेल्या आणि त्यात मी बंद ठेवलेलं 'व्हर्च्युअलायझेशन' (एका संगणकात आभासी संगणक चालवू देणारी सोय) पुन्हा चालू झालं. विंडोज ११ मध्ये 'मेमरी इंटिग्रिटी' ही सुरक्षेची सेटिंग आधीपासून निवडलेली होती, पण व्हर्च्युअलायझेशन नसल्याने ती चालत नव्हती. अपडेटनंतर ती जागी झाली. ती चालू असताना विंडोज आणि प्रोसेसर यांच्यामध्ये हायपरव्हायझरचा एक थर बसतो, आणि व्होल्टेज बदलण्याची मागणी तो पुढे जाऊच देत नाही.

तपासायला अर्धा मिनिट लागतो. स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधून उघडा, पहिल्याच पानावर खाली जा आणि 'व्हर्च्युअलायझेशन-बेस्ड सिक्युरिटी' ही ओळ पाहा. 'रनिंग' असेल तर चोर सापडला.

बंद करण्यासाठी विंडोज सिक्युरिटी, मग डिव्हाइस सिक्युरिटी, मग कोअर आयसोलेशन उघडा आणि 'मेमरी इंटिग्रिटी' बंद करा. मग 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' उघडून हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म, विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म आणि विंडोज सँडबॉक्स यांच्या खुणा काढा. रीस्टार्ट करून तीच ओळ पुन्हा वाचा. 'नॉट इनेबल्ड' आलं की एफआयव्हीआरचा तक्ता बघा.

याची किंमत नीट समजून घ्या. मेमरी इंटिग्रिटी घातक ड्रायव्हरना विंडोजच्या गाभ्यात शिरू देत नाही, ते संरक्षण जातं. डॉकर, लिनक्ससाठीची डब्ल्यूएसएल २ यंत्रणा आणि काही अँड्रॉइड एम्युलेटरही चालणार नाहीत. माझ्या एडिटिंगच्या मशीनवर यातलं काहीच लागत नाही, बँकेचे व्यवहारही मी त्यावर करत नाही, म्हणून मी ती बंद ठेवली आहे. डॉकरवर पोट असणाऱ्याला मी हे सुचवणार नाही. त्याने पायरी ७ वाचावी.

३. बायोसचं कुलूप, आणि ते का लागलं

डिसेंबर २०१९ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठ, ऑस्ट्रियातलं ग्राझचं तंत्रज्ञान विद्यापीठ आणि बेल्जियममधलं केयू लूव्हेन इथल्या संशोधकांनी 'प्लंडरव्होल्ट' नावाचा हल्ला जाहीर केला. सुरक्षेच्या त्रुटींच्या सार्वजनिक यादीत त्याची नोंद सीव्हीई-२०१९-१११५७ अशी आहे. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एसजीएक्स नावाची एक तिजोरी होती. तिच्यात चालणारा हिशेब खुद्द विंडोजलाही बघता येऊ नये, अशी तिची रचना. संशोधकांनी नेमक्या क्षणी व्होल्टेज एवढं खाली आणलं की तिजोरीतला गुणाकार चुकू लागला, आणि त्या चुकलेल्या उत्तरांवरून आतली गुप्त किल्ली काढून दाखवली. त्यासाठी वापरलेला रस्ता तोच, जो आपण अंडरव्होल्टसाठी वापरतो. सहाव्या ते दहाव्या पिढीच्या कोअर प्रोसेसरना हे लागू होतं. उपाय म्हणून इंटेलने नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आत चालणाऱ्या सूचना) दिला, लॅपटॉप कंपन्यांनी तो बायोसमधून पोचवला, आणि व्होल्टेजचा रस्ता बंद झाला.

हा हल्ला करायला मशीनवर अ‍ॅडमिनचे हक्क लागतात, आणि एसजीएक्स वापरत नसाल तर या हल्ल्यापासून तुम्हाला धोका नाही, असं संशोधकांनीच म्हटलं होतं. घरच्या वापरात एसजीएक्सची गरज ठळकपणे पडायची ती ४के ब्लू-रे डिस्क संगणकावर बघताना. अकराव्या पिढीपासून इंटेलने सामान्य ग्राहकांच्या प्रोसेसरमधून एसजीएक्स काढूनच टाकलं. तरी कुलूप राहिलं. बाराव्या पिढीपासून त्याला 'अंडरव्होल्ट प्रोटेक्शन' असं नाव मिळालं. नावात एचएक्स असलेल्या प्रोसेसरच्या लॅपटॉपांत ते उघडता येण्याची शक्यता जास्त असते.

कुलूप म्हणजे प्रोसेसरमधला एकच बिट. बायोस दर वेळी सुरू होताना तो १ करतो, आणि मशीन पुन्हा रीसेट होईपर्यंत कुठलंही सॉफ्टवेअर तो ० करू शकत नाही. त्यामुळे 'अनलॉकर' नावाने फिरणाऱ्या फाइली उतरवू नका. विंडोज चालू असताना हे कुलूप उघडणारं टूल असू शकत नाही.

लिनक्सवाल्यांसाठी एवढंच: एमएसआर-टूल्सने ०एक्स१९४ या रजिस्टरचा २० क्रमांकाचा बिट वाचा. १ आला तर कुलूप आहे. सिक्युअर बूट चालू असताना कर्नल ही रजिस्टरं लिहू देत नाही, ते बायोसचं कुलूप समजू नका.

४. बायोसमध्ये जाऊन पर्याय शोधा

सुरू होताना एफ२, डिलीट, एफ१ किंवा एफ१०, जे तुमच्या कंपनीचं असेल ते दाबा. 'अ‍ॅडव्हान्स्ड' किंवा 'परफॉर्मन्स' या पानांवर पुढच्या नावांपैकी काही आहे का पाहा: ओव्हरक्लॉकिंग लॉक, ओव्हरक्लॉकिंग फीचर, एक्सटीयू इंटरफेस, अंडरव्होल्ट प्रोटेक्शन. लॉक आणि प्रोटेक्शन बंद करायचं असतं, फीचर आणि इंटरफेस चालू. गेमिंग लॅपटॉपांत यातलं काहीतरी सापडतं, ऑफिससाठीच्या पातळ लॅपटॉपांत सहसा नाही.

बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर 'सस्पेंड' करा. नाहीतर पुढच्या बूटला तो रिकव्हरी की मागेल, आणि ती हाताशी नसेल तर तुमचा डेटा तुम्हालाच परका होईल. भाच्याच्या बाबतीत हे झालं. रिकव्हरी की त्याच्या कॉलेजच्या जुन्या ईमेल आयडीवर सापडली, पण तोवर संध्याकाळचे सात वाजले होते आणि दुसऱ्या दिवशी त्याचं प्रोजेक्ट सबमिशन होतं.

५. जुना बायोस परत टाकायचा का

माझं मत: कंपनीच्या अधिकृत साइटवर तुमच्याच मॉडेलची जुनी आवृत्ती ठेवलेली असेल आणि बायोस स्वतः मागे जायला परवानगी देत असेल, तरच. थिंकपॅडमध्ये 'सिक्युअर रोलबॅक प्रिव्हेन्शन' आणि डेलच्या अनेक मॉडेलांत 'अलाउ बायोस डाउनग्रेड' असा पर्याय असतो. तो नसेल किंवा बदलता येत नसेल, तर हा रस्ता सोडा. बायोसची चिप काढून तिच्यावर प्रोग्रामर नावाच्या यंत्राने लिहिणं हे बोर्ड दुरुस्त करणाऱ्याचं काम आहे.

मागे जाताना एकटं अंडरव्होल्टचं कुलूप निघत नाही, त्या मधल्या काळात बुजवलेली सुरक्षेची बाकी भोकंही उघडी पडतात. कंपनीच्या पानावर प्रत्येक आवृत्तीखाली बदलांची यादी असते, ती वाचून मग ठरवा.

फ्लॅश करायचं ठरलंच, तर चार्जर लावलेला आणि बॅटरी भरलेली हवी. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून मी हे काम सकाळी सहाला करतो. स्क्रीन काळी झाली तरी दहा मिनिटं पॉवर बटणाला हात लावायचा नाही. फ्लॅश होताना मशीन दोन-तीनदा आपोआप सुरू-बंद होतं. त्यात घाई करून बंद केलेलं मशीन पुन्हा सुरू होईलच असं नाही.

छुप्या व्हेरिएबलबद्दल, म्हणजे बायोसच्या पानांवर न दिसणाऱ्या सेटिंगबद्दल: बायोसची फाइल फोडून ओव्हरक्लॉकिंग लॉकचा पत्ता काढायचा आणि पेनड्राइव्हवरून बूट करून तिथे ० लिहायचा, असा एक मार्ग सांगितला जातो. तो काही मशीनवर चालतो. पण तो पत्ता बायोसच्या प्रत्येक आवृत्तीत बदलू शकतो. दुसऱ्या कुणी दिलेला पत्ता तुमच्या मशीनवर भलत्याच सेटिंगचा असेल आणि लॅपटॉप मृत होईल. पत्ता स्वतःच्या फाइलमधून स्वतः काढता येत नसेल, तर इकडे वळू नका.

६. कुलूप उघडलं, आता जुना आकडा लगेच टाकू नका

नव्या फर्मवेअरबरोबर मायक्रोकोड बदलतो आणि वेग-व्होल्टेजचा मूळ तक्ताही बदलू शकतो. काल चालणारा उणे ११० आज चालेलच असं नाही. माझा चालला नाही, उणे ९५ वर थांबावं लागलं.

सगळ्यात आधी विंडोज टास्क शेड्युलरमधली थ्रॉटलस्टॉपची आपोआप सुरू होण्याची नोंद बंद करा. नाहीतर अस्थिर आकडा लॉगिन होताच लागतो, मशीन पडतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा पडतं. या चक्रात सापडलात तर सेफ मोडने सुरू करा आणि ती नोंद काढा. अंडरव्होल्ट मशीन बंद होताच पुसला जातो, कायमचं काही बिघडत नाही.

मग असं करा. एफआयव्हीआरमध्ये 'सीपीयू कोअर' निवडून 'अनलॉक अ‍ॅडजस्टेबल व्होल्टेज'वर खूण करा, उणे ५० द्या. 'सीपीयू कॅश'लाही तेवढाच द्या. माझ्यासारख्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरवर दोन्ही सारखे ठेवा, एकट्या कोअरचा आकडा खाली नेऊन फरक पडत नाही. ग्राफिक्सला हात लावू नका. तक्त्यात आकडा उतरल्याची खात्री करा. सिनेबेंच दहा मिनिटं चालवा आणि शेवटच्या मिनिटातले तापमान, वॅट आणि वेग वहीत लिहा. ठीक असेल तर दहा-दहाने खाली जा, उणे ८० नंतर पाच-पाचने.

पूर्ण भाराची चाचणी पास झाली म्हणजे काम झालं नाही. अस्थिर अंडरव्होल्ट पुष्कळदा हलक्या कामात पडतो: ब्राउझर उघडताना, झाकण उघडून मशीन जागं होताना. अशा वेळी एखादाच कोअर झटक्यात ४.१ गिगाहर्ट्झवर उडी मारतो आणि तेव्हाच व्होल्टेज कमी पडतं. म्हणून प्रत्येक टप्प्यावर एक दिवस नेहमीचं काम करा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'व्हीआ-लॉगर'च्या नावाने १९ क्रमांकाची नोंद दिसली, तर प्रोसेसरने एक चूक पकडून दुरुस्त केली असं समजा. मशीन पडलं नसेल तरी १० ते १५ मिलिव्होल्ट मागे या. 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट'चा निळा पडदा आला तरी तेच.

माझ्या वहीतली शेवटची ओळ: उणे ९५, खोलीत ३४ अंश, दहा मिनिटांनंतर ८८ अंश, ४५ वॅट, ३.४ गिगाहर्ट्झ. अंडरव्होल्ट नसताना त्याच खोलीत ९७ अंश आणि ३.०.

आठवडाभर नीट चालल्यावर शेड्युलरची नोंद पुन्हा चालू करा, पण तिथे दोन मिनिटांचा उशीर द्या. पुढे कधी आकडा बिघडला तर तो बंद करायला तेवढा वेळ मिळतो.

७. कुलूप उघडतच नसेल तर

भाच्याच्या लॅपटॉपचं हेच झालं. बायोस मागे जाऊ देत नव्हता, पर्याय नव्हता. तरी त्याचं मशीन आता थंड आहे.

आधी धूळ. खोलीतल्या कूलरच्या हवेतला ओलावा आणि कापसाचे तंतू मिळून पंख्याच्या जाळीवर लगदा बसतो. त्याच्या लॅपटॉपची मागची पाटी उघडली तेव्हा तांब्याच्या पट्ट्यांसमोर वाळलेल्या वहाणेसारखा एक करडा थर होता, चिमट्याने धरला तर अख्खा निघाला. तो काढून थर्मल पेस्ट बदलली, तेवढ्यानेच पूर्ण भारावर ९ अंश कमी झाले.

मग वॅटची मर्यादा. थ्रॉटलस्टॉपच्या 'टीपीएल' खिडकीत पीएल१ म्हणजे सतत किती वॅट आणि पीएल२ म्हणजे थोड्या वेळासाठी किती. ४५ चे ३५ केले तर वेग काहीसा घटतो, पण प्रोसेसर १०० अंशांवर जाऊन धक्के खात नाही, आणि लांब रेंडरला एकसारखा वेगच उपयोगी. ही मर्यादाही काही बायोस कुलूपबंद ठेवतात. तसं असेल तर 'स्पीड शिफ्ट ईपीपी' (वेगापेक्षा वीज वाचवण्याकडे किती कल ठेवायचा तो आकडा) ८० वरून १२८ किंवा त्यापुढे न्या. तेही नको असेल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर पर्यायांत 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ करा. बहुतेक मशीनवर त्याने टर्बो, म्हणजे मूळ वेगाच्या वर जाणं, पूर्ण बंद होतो. आय७-८७५०एच तेव्हा २.२ गिगाहर्ट्झवर येतो, लिहिण्या-वाचण्याला आणि ऑनलाइन लेक्चरला तो पुरतो.

८. पुढचा अपडेट तुमच्या इच्छेने यावा म्हणून

बायोसमध्ये विंडोजला फर्मवेअर बदलू देणारा पर्याय असतो. डेलमध्ये 'यूईएफआय कॅप्सूल फर्मवेअर अपडेट्स', थिंकपॅडमध्ये 'विंडोज यूईएफआय फर्मवेअर अपडेट', एचपीच्या बिझनेस मॉडेलांत 'नेटिव्ह ओएस फर्मवेअर अपडेट सर्व्हिस'. तो बंद केला की फर्मवेअर आपोआप बसत नाही. मात्र मग कंपनीच्या पानावर नवी आवृत्ती आली का हे पाहण्याची जबाबदारी तुमची. मी दर तीन महिन्यांनी पाहतो, आणि लग्नसराई संपल्यावर, जूनमध्ये, पहिला पाऊस पडून खोली थंड झाली की अपडेट टाकतो. टाकण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढून ठेवतो. व्हर्च्युअलायझेशनची ओळ पहिल्या फोटोतच असते.